कातडी सोलते, दोष मात्र लम्पीला

२०२२ मध्ये लम्पीची साथ राज्यभर पसरली, तेव्हापासून जनावराच्या अंगावर काहीही उठले की पहिला संशय लम्पीचाच घेतला जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र घाणेरीकडेही पाहावयास हवे. माळावरचे गवत संपले की भुकेली जनावरे या झुडपाचा (विदर्भातील रायमुनियाचा) पाला खातात. त्यातील विषाने यकृत बिघडते आणि पित्ताचा प्रवाह मंदावतो. कोठीपोटात हरितद्रव्यापासून तयार होणारा, एरवी पित्तावाटे बाहेर पडणारा घटक मग रक्तात साचतो आणि ऊन लागताच कातडी सुजते, तडकते, सोलून निघते. संकरित होल्स्टिन गाईच्या अंगावरचे काळे डाग शाबूत आणि पांढरा भाग तेवढा भाजल्यासारखा, ही त्याची ठळक खूण. लम्पीच्या गाठी असा रंगभेद करीत नाहीत! डोळ्यांत कावीळही दिसू शकते. अशा वेळी नुसत्या मलमाने भागत नाही. जनावर सावलीत बांधून पशुवैद्यकाकडून यकृतावर उपचार करून घ्यावे लागतात. लम्पीसाठी निदान लसीकरण तरी होते. येथे प्रतिबंध म्हणजे चारा आणि मोकळे गायरान. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने गवताचीच जागा बळकावली आहे. ती मुळासकट काढणे हेही पशुसंवर्धनाचेच काम ठरते. वरवर छाटल्यास ती बुंध्यातून पुन्हा फुटते.