कानात घालाल ते आधी पारखून घ्या

मैत्रिणींनो, इअरफोन म्हणजे कॉलेजातल्या पोरापोरींची चैन, असं आता राहिलेलं नाही. पोळ्या लाटताना आकाशवाणी, दुपारी भाजी निवडताना कीर्तन, रात्री परगावच्या लेकीशी गप्पा; आपणही ते कानात घालतोच की! पण साडी घेताना पोत, काठ, पदर चारचारदा उलगडून पाहणाऱ्या आपण, इअरफोन घेताना मात्र खोक्यावरचं चित्र आणि किंमत एवढंच पाहतो. पाचशे-हजारात चांगली वस्तू मिळते, नाही असं नाही. पण ती पारखता आली पाहिजे.

आपल्या अलिबागकडे तर हा विषय घरोघरचा. कुणाची मुलगी, कुणाचे यजमान मांडव्याहून बोटीनं मुंबईला जातात. तासाभराचा प्रवास, त्यात इंजिनाची घरघर आणि वारा. गाणं ऐकू येईना की आवाज वाढवायचा, आणखी वाढवायचा. धोका आहे तो इथंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. पण तोच ९० डेसिबल झाला की मर्यादा आठवड्याला अवघ्या ४ तासांवर येते. मुलांसाठी तर ८० च्या जागी ७५ च धरायचे. आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, बरं का!

म्हणून पहिला नियम असा: आधी बसणं, मग आवाज. कानात नीट बसलेला इअरफोन बाहेरचा गलका अडवतो, त्यामुळे हळू आवाजातही गाणं स्वच्छ ऐकू येतं. सैल बसला, तर बाहेरचं सगळं आत येतं, डग्ग्याचा घुमारा निघून जातो, आणि आपण आवाज वाढवत बसतो.

खोक्यात सिलिकॉनच्या मऊ टोप्यांचे बहुधा तीन जोड असतात: लहान, मध्यम, मोठा. बसवलेला मध्यम जोड तसाच वापरू नका. तिन्ही घालून पाहा. दोन्ही कान सारखे असतातच असं नाही. एकाला लहान, दुसऱ्याला मध्यम लागली तरी बिघडत नाही. घालताना दुसऱ्या हातानं कानाची वरची कड किंचित वर आणि मागे ओढा, मग इअरफोन अलगद आत सरकवा. आता बोलून पाहा. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला, तर टोपी बरोबर बसली. मग बडीशेप चघळा, मान हलवा, चार पायऱ्या चढा. निसटतो का? वीस मिनिटांनी कान ठणकतो का? ठणकला तर आकार चुकला. सवय होईल म्हणून सोसू नका.

आपल्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट पाहायची. वायर पदराला किंवा मंगळसूत्राला घासली की कानात खरखर होते. ती कानाच्या मागून फिरवून घेतली, तर बरीच कमी होते. बिनवायरच्या इअरफोनची दांडी झुमक्यांना अडकत नाही ना, तेही पाहून घ्या.

आता आवाज. आपल्या अलिबागला १९०४ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा कुलाब्याच्या मोजणीला अडथळा होणार, म्हणून ती इथं हलवली. तसंच एक चिमुकलं चुंबक इअरफोनच्या पोटातही असतं. त्याच्याजवळ तारेचं वेटोळं आणि पातळ पडदा. वीज वाहिली की पडदा थरथरतो आणि आवाज होतो. खोक्यावर ‘१२ मिलिमीटर ड्रायव्हर’ लिहितात, ती या पडद्याचीच रुंदी. पण तवा मोठा म्हणून पोळी चांगली होते का? तसंच हे.

पारख करायला तुम्हाला तोंडपाठ असलेलं गाणं घ्या. आवाज निम्म्यावर ठेवा. तंबोऱ्याची जवारी ऐकू येते का? टाळ, झांजा कानाला टोचतात का? डग्गा इतका दणदणतो का, की गाणारीचा आवाज मागे पडावा? ‘वहिनी, बेस दणदणीत आहे’ असं दुकानदार म्हणाला, तर तिथंच सावध व्हा. स्वस्त मालात बेसचा मारा करून बाकीच्या उणिवा झाकतात. मग बातम्या लावा. बातम्या देणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ वेगळे कळले पाहिजेत, सापासारखे फुसफुसता कामा नयेत. शेवटी दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे ना, ते तपासा.

‘ईएनसी’ आणि ‘एएनसी’ यांत गल्लत करू नका. पहिल्यानं तुमचं बोलणं पलीकडच्या माणसाला स्वच्छ ऐकू जातं. तुमच्या कानावर येणारी इंजिनाची घरघर कमी करते ती दुसरी.

दुकानात खोकं फोडून कानात घालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून पावती जपा, वॉरंटी नि बदलून मिळण्याची मुदत आधीच विचारा, आणि ही सगळी परीक्षा घरी पहिल्याच दिवशी उरका. फोनला गोल भोक आहे की टाइप-सी, हेही निघण्यापूर्वी पाहा.

आपल्याकडची हवा खारट, पावसाळ्यात दमट. ओल्या कानात बुरशी लवकर धरते. न्हाल्यावर कान कोरडे झाल्याशिवाय इअरफोन घालू नका. आठवड्यातून एकदा टोप्या काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. वस्तू ठेवायच्या डबीत औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी टाका. फक्त ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एकमेकींचे इअरफोन वापरू नका. कान दुखला, वाहिला किंवा आत सतत शिट्टी वाजू लागली, तर कोमट तेलाचा उपाय न करता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

स्वयंपाकघरात ऐकताना एक कान मोकळा ठेवा. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात! रस्त्यावर तर दोन्ही मोकळे हवेत. आणि मुलगी शेजारी बसलेली असताना तिच्या कानातलं गाणं तुम्हाला ऐकू येत असेल, तर रागावण्यापूर्वी तिच्या टोप्या बदलून द्या. आवाज ती आपणच कमी करील.