वजनदार वेग

"अगं, किती सुटली आहेस!" लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी भाजी घेता घेतासुद्धा हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आणि एखादी अंगाने भरलेली मुलगी खेळात जाते म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "या अंगाने काय खेळणार ही?" म्हणून मैत्रिणींनो, आज मला तुम्हाला अशा एका खेळाबद्दल सांगायचंय, ज्यात खेळाडू मुद्दाम अंगावर वजन चढवून उतरतात!

खेळाचं नाव स्पीड विंडसर्फिंग. एक अरुंद फळी, तिच्यावर शीड, आणि शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा असलेला माणूस. ना इंजिन, ना वल्हं. जे काही आहे ते वाऱ्याच्या जिवावर. 1964 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात पाट्या रंगवणाऱ्या न्यूमन डार्बीने अशी शिडाची फळी बनवली, तेव्हा तिचं पहिलं शीड शिवलं होतं त्याच्या बायकोने, नेओमीने. त्या फळीचे पुढे कितीतरी खेळ झाले. त्यातला हा नुसत्या वेगाचा. पाचशे मीटरचं अंतर सरासरी किती वेगाने कापलं, एवढंच मोजायचं. दिसण्याला गुण नाहीत, घड्याळ सांगेल ते खरं.

या खेळाची एक पंढरी आफ्रिकेत आहे. नामिबिया देशात वाळवंट आणि समुद्र यांच्यामध्ये ल्युडेरिट्झ नावाचं गाव आहे. तिथे वारा असा सुटतो की माणसाला नीट उभं राहणं मुश्कील. पण मोकळ्या पाण्यात वारा आला की लाटाही येतात, आणि लाटांवर फळी उडते. म्हणून तिथे मुद्दाम एक लांबलचक, अरुंद कालवा खणला. काठामुळे पाणी सपाट राहतं, आणि वारा मात्र वरून भरपूर मिळतो.

याच कालव्यात ब्रिटनच्या झारा डेव्हिसने 2012 मध्ये 45.83 नॉट वेगाचा महिलांचा विक्रम केला. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. 2017 मध्ये पुन्हा तिथेच त्यांनी 46.49 नॉटची नोंद केली. आपल्या भाषेत सांगायचं तर ताशी 86 किलोमीटर! म्हणजे अर्धा किलोमीटर फक्त 21 सेकंदांत. एवढ्या वेळात आपली फोडणीसुद्धा होत नाही. विक्रम मोडण्यासाठीच असतात, त्यांचा तोही विक्रम पुढे मोडला गेला.

आता वजनाचं. वारा शिडाला जोरात ओढत असतो, आणि खेळाडू मागे झुकून स्वतःच्या अंगाच्या भाराने ती ओढ तोलून धरतो. भार जितका जास्त, तितका जास्त वारा पेलता येतो, आणि तितका वेग वाढतो. साधा तराजूचा हिशेब. म्हणूनच वजन भरलेली जाकिटं घालून हे लोक पाण्यात उतरतात. 2015 मध्ये फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने 53.27 नॉट वेग गाठला, तो गडी चांगला धिप्पाड. वयही 43 होतं तेव्हा. महिलांचे आकडे पुरुषांपेक्षा कमी दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच, की बायका वजनाने हलक्या पडतात!

अर्थात नुसतं वजन असून भागत नाही, हेही सांगायला हवं. दंडात, पायांत, पाठीत ताकद लागते. वाऱ्याचा झोत कधी वाढणार, कधी पडणार याचा अंदाज लागतो, आणि तो वर्षानुवर्षांच्या सवयीने येतो. शिवाय काठ अगदी जवळ, पाणी उथळ. त्या वेगात पडलं तर पाणीही दगडासारखं लागतं. डोक्याला हेल्मेट लागतं आणि मनाला धीर.

मला वाटतं, आपण यातून घ्यायचं ते हे. शरीर ही बघण्याची वस्तू नाही, ते काम करण्याचं साधन आहे. एकीकडे जे "जास्त" म्हणून हिणवलं जातं, तेच दुसरीकडे भांडवल ठरतं. आपल्याकडे मात्र मुलगी आठवी-नववीत गेली, अंग भरलं, की मैदान सुटतं. कधी घरचे सोडवतात, तर कधी लोकांच्या नजरांना कंटाळून तीच सोडते. त्या वयात तिला "बारीक हो" म्हणणारे दहा भेटतात, "ताकद कमव" म्हणणारी एखादीच.

हा खेळ महागडा आहे, आणि आपल्या दारात समुद्र नाही, हे मला कळतं. गोव्याची कात्या कोएल्हो विंडसर्फिंगच्या शर्यतींत भारताकडून खेळली. तिला निदान किनारा जवळ होता. पण गोळाफेक, थाळीफेक, कुस्ती, वेटलिफ्टिंग हे तर आपल्या तालुक्यातही होऊ शकतं ना? त्यातही भारदस्त अंग ही लाज नाही, जमेची बाजू आहे. शाळेत खेळाच्या सरांना जाऊन विचारा, मुलींना गोळा हातात देता का? नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव असेल, तर बायकांसाठी सोयीची वेळ आहे का, तेही विचारा. चार जणी मिळून गेलात तर उत्तर द्यावंच लागेल.

आणि घरी एवढं करा. लेक मैदानावरून आली की "किती काळवंडलीस" किंवा "किती सुटलीस" म्हणू नका. "आज गोळा किती लांब गेला गं?" असं विचारा. आकडा मोजायचाच असेल, तर तो मोजावा.