त्या खुर्चीवर गावाच्या वतीने कोण बसतं?
पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, पालघर


मागणी लहान आहे, म्हणून आधी तीच सांगतो. रासायनिक अपघातांसाठी प्रत्येक औद्योगिक वसाहतीचा एक स्थानिक गट असावा, असं कायदा सांगतो. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या गटावर गावांच्या वतीने कोण बसतं, बैठक कधी होते आणि तिच्यात काय ठरलं, हे सालवड, कोलवडे, पामटेंभी, कुंभवली, सरावली, पास्थळ आणि बोईसरच्या ग्रामसभांत वाचून दाखवलं जावं. तोच कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. याला नवा कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही.

बोईसरमध्ये ज्यांना ज्यांना मी या गटाबद्दल विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. आपल्याला हे नियम सांगायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे, तेव्हा शेजाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो. केंद्र सरकारने १ ऑगस्ट १९९६ रोजी रासायनिक अपघातांबाबतचे नियम काढले. (आपल्या जिल्ह्याचा वाढदिवसही १ ऑगस्टचाच, २०१४चा. दोन्हींची आठवण एकाच दिवशी काढता येईल.) केंद्र, राज्य, जिल्हा आणि थेट औद्योगिक वसाहत अशा चार पायऱ्यांवर या नियमांत गट सांगितले आहेत. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष आपण. स्थानिक गटाचे अध्यक्ष प्रांत आणि सचिव कारखाना निरीक्षक, म्हणजे कारखान्यांत ज्यांना सगळे ‘डिशवाले’ म्हणतात ते. पुढे पोलीस, अग्निशमन, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, कारखानदार, रसायनांची ने-आण करणारे दोन वाहतूकदार. इथपर्यंत ही कुठल्याही सरकारी समितीची यादी वाटते. त्यानंतर मात्र वसाहतीला सर्वांत जवळच्या गावचा सरपंच येतो, परिसरातले दोन नावाजलेले डॉक्टर येतात, दोन समाजसेवक, स्वयंसेवी संस्थेचा एक प्रतिनिधी आणि चक्क स्थानिक वृत्तपत्राचा संपादक. ज्याने ही यादी केली त्याला गावाची नाडी ठाऊक असली पाहिजे. अपघाताच्या रात्री माणसं आधी ओळखीच्या डॉक्टरकडे धावतात, मग सरपंचाला फोन लावतात आणि सकाळी पेपर उघडतात.

या गटाने दर महिन्याला बसावं, दर सहा महिन्यांनी एक पूर्ण सराव घ्यावा, आणि ज्यांना झळ बसू शकते त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचवायला कारखान्यांना मदत करावी, असं नियम म्हणतात. त्याच्याही आधीचे १९८९चे नियम आहेत. त्यांच्यानुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने कुंपणाबाहेरच्या लोकांना धोका कसला आहे आणि अशा वेळी काय करायचं, काय टाळायचं, हे सांगायचं असतं. कोणी विचारायला येईपर्यंत थांबायचं नसतं.

हे सगळं भोपाळनंतर आलं. डिसेंबर १९८४च्या त्या रात्री वायू कुठला, त्यावर उपाय काय, पळायचं कुठे, हे वस्तीला माहीत नव्हतं. अमेरिकेने भोपाळचाच धडा घेऊन १९८६मध्ये कायदा केला आणि स्थानिक आपत्कालीन समित्यांवर पत्रकार व नागरिकांच्या गटांना बसवलं. आपण दहा वर्षांनी तेच केलं. कागदावर आपण मागे नाही. पण ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमच्या कारखान्यातून स्टायरीन सुटला, बारा माणसं गेली, आणि भोंगा वाजलाच नाही.

भोंग्यावरून आठवलं. आमच्याकडे भोंगा रोज ऐकू येतो, पाळी सुरू झाल्याचा आणि सुटल्याचा. धोक्याचा भोंगा याहून वेगळा कसा वाजतो? शाळेच्या शिक्षकांना विचारा, रिक्षा स्टँडवर विचारा, चाळीत रात्रपाळी करून झोपलेल्या ओडिशाच्या मुलाला विचारा. कारखान्याच्या आत वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उंच लावलेली असते, कारण वायू सुटला की वाऱ्याला आडवं जायचं, वाऱ्याबरोबर पळायचं नाही, हे कामगाराला शिकवलेलं असतं. भिंतीच्या बाहेर तोच वारा, तोच वायू, पण नळी नाही आणि शिकवणारंही कोणी नाही. घराची दारं-खिडक्या लावून, ओलं फडकं नाकाला धरून आत थांबायचं की बाहेर पडायचं, हे कुठल्या रसायनाच्या वेळी कोणी ठरवायचं? मला खरंच माहीत नाही. माहीत असायला हवं होतं, कारण हजाराहून जास्त कारखाने माझे शेजारी आहेत.

११ जानेवारी २०२०ची संध्याकाळ इथे कोणी विसरलेलं नाही. सातच्या सुमाराला तावदानं थरथरली, भांडी हलली. डहाणूकडे नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाचे धक्के चालू होते, म्हणून पहिल्या क्षणी भूकंपच वाटला. माणसं मोकळ्या जागेत आली. भूकंपात तेच बरोबर असतं, वायुगळतीत तेच घातक ठरू शकतं. मग फोनवर एकच प्रश्न फिरू लागला, ‘कुठे झाला?’ कोलवड्याच्या हद्दीत कारखान्यात स्फोट झाला होता, आठ जण गेले. त्याआधी मार्च २०१८मध्ये स्फोट झाला होता, तीन जण गेले. पुढे ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा तीन. ऑगस्ट २०२५मध्ये औषधाच्या कारखान्यात वायुगळतीत चार कामगार गेले. प्रत्येक वेळी पुढारी येतात, मदत जाहीर होते, चौकशी लागते. आणि ‘कुठे झाला?’ हा प्रश्न पुढच्या वेळेपर्यंत शिल्लक राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नागरिकाला बोलवायच्या वेळा चुकल्या आहेत. प्रकल्प यायच्या आधी जनसुनावणी होते. वाढवण बंदराची १९ जानेवारी २०२४ रोजी झाली. तीस दिवस आधी नोटीस निघते, मराठीत सारांश ठेवला जातो, चित्रीकरण होतं, इतिवृत्त वाचून दाखवलं जातं. तिथे बोललेलं किती ऐकलं जातं याबद्दल माझी मतं आहेत, ती आज बाजूला ठेवतो. दुसऱ्यांदा बोलावणं येतं ते पंचनाम्याला. या दोन्हींच्या मधली तीस-चाळीस वर्षं कारखाना रोज चालतो आणि तेवढा काळ गावाला काहीच विचारलं जात नाही. १९९६च्या नियमांनी नेमक्या त्या मधल्या काळासाठी गावाला खुर्ची दिली आहे.

इथल्या लोकांना सार्वजनिक कामाचं वावडं आहे, असं तर कोणी म्हणू शकणार नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला आणि गोळीबारात पाच जण पडले. पालघरच्या पाचबत्ती चौकात दरवर्षी त्यांना मानवंदना होते. त्यांची गावं नीट पाहा: नांदगाव, सातपाटी, मुरबे, सालवड आणि पालघर. सालवड आज एमआयडीसीला चिकटून आहे. नांदगाव, मुरबे, सातपाटी ही किनाऱ्याची गावं आहेत आणि कारखान्यांच्या सांडपाण्याची तक्रार तिथला मच्छीमार वर्षानुवर्षं करतो आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६मध्ये राष्ट्रीय हरित लवादात गेली. मधे २०१८च्या पाहणीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांत तारापूरला ९३.६९ गुण देऊन सर्वांत प्रदूषित ठरवलं. जानेवारी २०२२मध्ये लवादाने शंभराहून जास्त कारखाने आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांच्यावर भरपाई बसवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मासेमारी करून पोट भरणाऱ्यांनी सहा वर्षं वकील, प्रतिज्ञापत्रं आणि पाण्याचे नमुने यांचा पाठपुरावा केला. हाच वेळ महिन्याच्या बैठकीत मिळाला असता तर प्रकरण लवादापर्यंत गेलं असतं का, असा प्रश्न मला पडतो.

आता आमच्या बाजूचंही बोलतो. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. एवढ्या मोठ्या बोईसरला तरी शंभर माणसं जमवणं अवघड जाऊ नये. पण ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, हे वाक्य महाराष्ट्रात कोणालाही नवं नाही. ज्यांच्या घरावरून वायू जाणार त्यांना पाणी, गटार आणि रस्ता एवढंच ग्रामसभेचं काम वाटतं. याचा दोष आपल्या कार्यालयाकडे जात नाही. तरी माणूस सभेला येतो तो तिथे काही ठरतं असं दिसलं तर. ज्या सभेत अमुक कारखान्यात अमुक रसायन आहे, भोंगा असा वाजेल, या शाळेच्या मैदानात जमू नका, त्या दिशेला जा, असं वाचून दाखवलं जाईल, त्या सभेला मी शेजाऱ्यांना घेऊन येईन. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. तिथे तर हे आधी सांगा. दुपारी घरात म्हातारी माणसं आणि मुलं त्यांच्याच जिवावर असतात.

तारापूरच्याच अणुशक्ती केंद्राच्या बाबतीत कुंपणाबाहेरच्या सरावाची पद्धत आहे. १६ किलोमीटरचं क्षेत्र आखलेलं आहे. तिथे जे जमतं ते काही मैलांवर, जिथे माणसं प्रत्यक्षात मेली आहेत, तिथेही जमेल.

गटाच्या बैठका होत नाहीत, असं मी म्हणत नाही. होत असतील तर इतिवृत्तं कपाटात असतीलच, तीच द्या. होत नसतील तर पुढच्या महिन्यापासून प्रांतांना बसायला सांगा. रसायनांची नावं सांगताना व्यापारी गुपित उघड होईल अशी भीती कारखानदार दाखवतील. कृती नको, सूत्र नको. डॉक्टरने उलटी थांबवायला काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही, एवढंच हवं आहे. पत्रकं मराठीत आणि हिंदीतही काढा, कारण यंत्रापाशी उभी असलेली आणि भाड्याच्या खोल्यांत झोपलेली बरीच माणसं बाहेरची आहेत. मतदार यादीत नाव नाही म्हणून त्यांना ग्रामसभेत हात वर करता येत नाही, पण वायू यादी बघून येत नाही.

सराव घ्याल तेव्हा एकदा तरी तो कारखान्याच्या फाटकाबाहेर, वस्तीत घ्या. आणि भर दुपारी घेऊ नका. पहिली पाळी सुटली की चहा घेऊन माणसं तासाभरात मोकळी होतात. तेव्हाची वेळ ठेवा, आठवडाभर आधी कळवा. पत्रकं वाटायला आणि घरोघर सांगायला माणसं लागतील, ती आम्ही देऊ.

आपला,
बोईसरचा एक रहिवासी