आधी माप, मग नाव

टिटवाळ्याच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पाच पानी पत्र आमच्यासमोर आहे. साडेचार पाने एक जिवंत काडतूस आणि तीन रिकाम्या पुंगळ्या यांच्या हकिगतीने भरली आहेत. उरलेल्या अर्ध्या पानात विनंती, की यापुढे अंक पाठवू नये. वर्गणीचे सात महिने शिल्लक आहेत, पण पैसे परत नकोत. काडतुसाचे चित्र असलेला कागद पोस्टमनने दारात टाकलेला घरात कुणालाच चालत नाही, असे ते लिहितात. आम्ही त्यांना दोष देत नाही.

मांड्याच्या बाजूला त्यांचे आजोबांच्या वेळचे कौलारू घर होते. ते पाडून नव्या घराचा पाया खणताना कमरेइतक्या खोलीवर गंजून चाळण झालेला पत्र्याचा डबा लागला, आणि डब्यात हे चार नग. गृहस्थांनी या मासिकात वर्षानुवर्षे छापले जाते ते अक्षरशः पाळले. हात लावला नाही, मजुरांना लांब केले, ११२ लावला. पोलीस आले, पंच बोलावले, पंचनामा झाला. इथपर्यंत कुणाचेच काही चुकले नाही.

मग कागद सुरू झाले. पंचनाम्यात लिहिले '.३०३'. त्याच संध्याकाळी स्टेशन डायरीत नोंद झाली '८ एमएम'. प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्रात तेच नग झाले '७.६२'. वस्तू तीच, लाखेचे सील तेच, तीन कागदांवर तीन बोअर! प्रयोगशाळेने पाकीट परत पाठवले, 'पत्र व पंचनामा यांतील वर्णनात तफावत'. ठाण्याचे म्हणणे, पंचांच्या सह्या झालेला पंचनामा बदलता येत नाही, पुरवणी पंचनामा करावा लागेल. दोन पंचांपैकी एक खोदकामावरचा मजूर, तो पेरणीला गावी गेलेला. चार महिने झाले, पाकीट मुद्देमाल खोलीत आहे, पाया अर्धा खणलेला आहे आणि गृहस्थ दर आठवड्याला जबाब देत आहेत. पुंगळ्यांच्या बुडावरचे 'डीआय', 'झेड' आणि '१९४३' हे पंचनाम्यात 'डिझ कंपनी, परदेशी बनावट, अनुक्रमांक १९४३' असे उतरले आहे. एका जबाबाच्या वेळी त्यांना विचारले गेले, की मग आधीचे एकोणीसशे बेचाळीस कुठे आहेत?

हसू नका. आपल्यापैकी कितीजणांना ही तीन नावे कुठून आली हे चटकन सांगता येईल? आम्ही गेल्या महिन्यात पाच सभासदांना विचारले. दोघांनी बरोबर सांगितले.

यात कुणी मुद्दाम खोटे लिहिलेले नाही. .३०३ हे नळीचे माप आहे, गोळीचे नव्हे. इंचाचे मिलिमीटर केले तर ७.७ येतात. गोळी मात्र खाचांत घट्ट बसायची म्हणून जाडीला .३११ इंच, म्हणजे ७.९ मिलिमीटर. आता ज्याच्या हातात व्हर्निअर आहे पण तक्ता नाही, तो गोळी मोजतो, ७.९ वाचतो आणि जवळचा पूर्णांक म्हणून ८ एमएम लिहितो. त्याचे माप चूक नाही, नाव चूक आहे. कारण ८ एमएम म्हणजे .३१५, आपल्याकडच्या परवान्यावरची नेहमीची रायफल. तिसऱ्याचे प्रशिक्षण एसएलआर रायफलीवर झालेले. त्याच्या लेखी रायफलीचे लांबट पितळी काडतूस म्हणजे ७.६२, म्हणून त्याने ७.६२ लिहिले. एकाने नाव ओळखले, दुसऱ्याने मोजले, तिसऱ्याला आठवले. तिघांनी एकच गोष्ट, एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजली असती तर पाकीट परत आले नसते.

नुसती गोळी मोजून काहीच कळत नाही हे आपण किती वेळा लिहायचे? एके मालिकेच्या ७.६२×३९ ची गोळीही ७.९ च भरते. केस, म्हणजे पुंगळी, मिलिमीटरमध्ये मोजा. लांबी ५६.४ आणि बुडाला बाहेर आलेली १३.७ ची कड असेल तर .३०३. लांबी ५१.२ आणि कड केसच्या अंगाबाहेर नसेल तर एसएलआरचे. ३८.७ असेल तर एकेचे. ५७ भरली आणि कड बाहेर नसेल तर जर्मन माउझर म्हणून ओरडू नका. ब्रिटिश रणगाड्यांवरच्या बेसा मशीनगनचे काडतूसही तेच, आणि ते बनले इंग्लंडात. दोन मापे आणि एक कड, एवढ्यावर दहातली नऊ काडतुसे ओळखता येतात. दहाव्यासाठी प्रयोगशाळा आहे.

आता त्या 'डिझ कंपनी'चे. 'डीआय' म्हणजे डिफेन्स इंडस्ट्रीज, कॅनडात तेव्हा मॉन्ट्रियलला लागून असलेल्या व्हर्डनचा कारखाना. 'झेड' म्हणजे आत कॉर्डाइटच्या शेवया नाहीत, नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. १९४३ हे साल आहे. 'परदेशी बनावट' हे शब्द खरेच आहेत, फक्त त्यातून जो वास काढला गेला तो चुकीचा. १९४३ साली हे काडतूस आपल्याच बाजूच्या फौजेचे होते.

आणि ते टिटवाळ्यात का निघावे, याचे नवल कल्याणच्या माणसाने तरी करू नये. टिटवाळ्याहून गाडीत बसलात तर आंबिवलीनंतर शहाड. शहाडला उतरून तुम्ही ज्या उल्हासनगरात जाता ते महायुद्धात कल्याणचे लष्करी ट्रान्झिट कॅम्प होते. १९४७ नंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९ साली नाव बदलले, पण रिक्षावाला आजही 'कॅम्प नंबर किती?' असेच विचारतो. तिकडे नेवाळीला युद्धकाळातली धावपट्टी. तिच्या जमिनीवरून २०१७ साली शेतकरी रस्त्यावर आले ते सर्वांना आठवत असेल. एवढी फौज ज्या तालुक्यातून गेली तिथे एखाददुसरा डबा मातीखाली राहणारच. उलट आणखी निघत नाहीत याचे आश्चर्य वाटावे. किंवा निघतात आणि आपल्याला कळत नाहीत. या शक्यतेकडे शेवटी येतो.

परदेशी अक्षरांची ही धास्ती किती पोकळ आहे पाहा. 'केएफ' ही दोन अक्षरे म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, स्थापना १८६९. कॅनडाचे राहू द्या, पुण्याचे काडतूससुद्धा इंग्रजी अक्षरांमुळे परदेशी ठरवल्याचे प्रकार वाचकांनी आम्हाला कळवले आहेत. गावठी कट्ट्याच्या गुन्ह्यांत सापडणाऱ्या काडतुसांवर '८ एमएम केएफ' असते, ते खडकीचेच. कल्याणशेजारी अंबरनाथला आयुध कारखाना आहे, त्याच्या भोंग्यावर पिढ्यांनी घड्याळे लावली, आणि त्याच जिल्ह्यात पुंगळीचे बूड कुणाला वाचता येऊ नये!

पोलिसांची बाजूही मांडतो, नाहीतर उद्या पत्रे येतील. हा साधा जिल्हा नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची जी शस्त्रे व स्फोटके उतरली ती याच पट्ट्यातून मुंबईत गेली. त्यानंतर कुणी अंमलदार बेवारस काडतूस हलक्यात घेणार नाही, आणि घेऊही नये. पण सावध असणे वेगळे आणि अडाणी असणे वेगळे. ज्याला खरोखर एकेचे काडतूस ओळखायचे आहे त्याला हे ठाऊक हवे, की सोव्हिएत बुडावर बहुधा कंपनीचे नाव नसते. असतो कारखान्याचा आकडा आणि साल. १७ म्हणजे बार्नाउल, ६० म्हणजे फ्रुंझे, आजचे बिश्केक, ५३९ म्हणजे तुला. जो अंमलदार १९४३ हा अनुक्रमांक समजतो तो ६० हा आकडा काय समजेल? १९४३ ला घाबरणारा माणूस ६० ला घाबरणार नाही, आणि घाबरायचे असते ते ६० ला.

चुकीच्या नावाने नुसता वेळ जातो असेही नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित दारूगोळ्याला किमान सात वर्षे, कमाल चौदा. एनपीबीला, म्हणजे अप्रतिबंधित बोअरला, दोन ते पाच. .३०३ पहिल्या रांगेत, .३१५ दुसऱ्या. म्हणजे स्टेशन डायरी आणि पंचनामा यांच्यातल्या त्या एका ओळीवर कुणाची पाच वर्षे तुरुंगात जाऊ शकतात. वकील मंडळी त्याच कायद्याच्या कलम ४५ चा आधार घेतील, १९९४ च्या घटनापीठाने संजय दत्त प्रकरणात सांगितलेला जाणीवपूर्वक ताबा दाखवतील, आणि मातीखालच्या डब्याच्या बाबतीत ते टिकेलही. पण ते कोर्टात, खालच्या ओट्यावर चार वर्षे बसल्यानंतर.

ठाण्यांना खूप बोललो. आता आपल्या माणसांकडे वळतो, कारण खरा राग तिथे आहे.

महिन्याला आमच्याकडे 'हे कोणते?' म्हणून वीसपंचवीस फोटो येतात. त्यातले निम्मे आडवे, गालिच्यावर ठेवलेले, बाजूला फूटपट्टी नाही, बुडाचा फोटो नाही. गाडीच्या नंबरप्लेटऐवजी टपाचा फोटो पाठवून मालक कोण म्हणून विचारण्यासारखे हे आहे. काही मंडळी बूड ब्रासोने घासून चकचकीत करून पाठवतात. प्रायमरभोवतीचे लाखेचे रंगीत कडे हाच अर्धा पुरावा असतो, तोच फडक्याला लागून गेलेला. दोघांनी गेल्या वर्षात 'आत काय आहे बघू' म्हणून पकडीने गोळी उपटली. त्यांची बोटे शाबूत आहेत ही गणपतीची कृपा, त्यांच्या अकलेची नव्हे. ज्या काडतुसाचा उगम माहीत नाही त्याच्या टोकात जळाऊ मसाला आहे की नाही हे उघडल्यावर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. जिवंत काडतूस मोजायचेही नाही. ते काम निष्णात माणसाचे. आपले काम पुंगळीपर्यंत.

याहून वाईट ते, ज्यांना येते आणि जे बोलत नाहीत. कल्याण-डोंबिवलीत आपले किमान चार सभासद असे आहेत की जे अंधारात बोटाने कड चाचपून बोअर सांगतील. टिटवाळ्याच्या गृहस्थांनी त्यांपैकी दोघांना फोन केला. एकाने 'आपल्याला कशाला पोलिसांची भानगड' म्हटले, दुसऱ्याने फोन उचलला नाही. तीस वर्षांची विद्या, शंभर रुपयांचा व्हर्निअर, आणि शेजारच्या माणसासाठी ठाण्याची पायरी चढवत नाही!

म्हणून आता विनंती. या अंकाच्या मधल्या पानावर एक कोरा तक्ता छापला आहे. रकाने सातच: केसची लांबी, कडेचा व्यास, कड बाहेर आहे की आत, गळ्याचा आतला व्यास, बुडावरची अक्षरे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बारा वाजल्यापासून क्रमाने, प्रायमरभोवतीचा रंग, लोहचुंबक चिकटते की नाही. आठवा, बोअरच्या नावाचा रकाना आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. नाव प्रयोगशाळा देईल. ठाण्याने फक्त जे दिसते ते लिहावे. जिवंत काडतूस असेल तर मापाचे रकाने कोरे सोडून फक्त बुडाचा फोटो जोडावा. असा एकच तक्ता पंचनामा, डायरी आणि पत्र या तिन्हींना जोडला तर तफावत यायला जागा राहत नाही. यासाठी नवा जीआर लागत नाही, अनुदान लागत नाही. झेरॉक्स लागते.

ती तुम्ही काढा. दहा प्रती, जवळच्या ठाण्यात, ठाणे अंमलदारांच्या हातात, नम्रपणे. सोबत रिकाम्या, परवान्यावरच्या पुंगळ्या न्या आणि एक तक्ता त्यांच्यासमोर भरून दाखवा. पहिल्या खेपेला चहासुद्धा विचारणार नाहीत. दुसऱ्यांदा जा. कुणी कोणत्या ठाण्यात तक्ता दिला ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात तालुकावार यादी छापू. कल्याण तालुक्यापुढची जागा कोरी राहिली तर तीही कोरीच छापू, त्या चार सभासदांनी वाचावी म्हणून.

घाई का, ते सांगून थांबतो. टिटवाळ्याच्या पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे. त्यांच्या घरापासून चार प्लॉट सोडून दुसरे एक बांधकाम सुरू आहे. तिथेही खणताना काही पितळी निघाले, असे मजूर आपसात बोलत होते. मुकादमाने विचारले, 'त्या शेजाऱ्यांचे काय झाले?' कुणीतरी सांगितले. संध्याकाळी मुकादम एक जड पिशवी घेऊन काळू नदीच्या बाजूला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

त्या पिशवीत काय होते, जिवंत किती आणि रिकामे किती, १९४३ चे की ६० चे, ते आता कुणीच मोजणार नाही.