सातबारा दाखवून प्रवेश, पदवी घेतली की रामराम!



पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मुलूख भाताचा. खाडीचे पाणी शेतात शिरले की जमीन खारट होते, पीक जळते. म्हणून पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खारात तग धरणारे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे भाताचे वाण काढले.

आपल्या कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांना त्याचे काय? एवढेच, की जिथे दुखते तिथे बसून अभ्यास केला तर शेतकीचे शिक्षण कामाला येते. मोहोळची मालदांडी 35-1 आपण आजही रब्बीत पेरतो. नांदेड-44 ने एके काळी कापसाची राने भरली होती. शिक्षणाशी आमचे भांडण नाही.

भांडण वेगळे आहे. 1968 ते 1972 या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. तिथे प्रवेश घेताना शेतकऱ्याच्या लेकराला सातबाऱ्याचे जादा गुण मिळत आले. पदवी हातात पडली की मात्र कुणी स्पर्धा परीक्षेच्या मागे लागतो, कुणी कृषी खात्यात जातो, कुणी बँकेत पीककर्जाचे कागद तपासतो, कुणी बियाणे-औषध कंपनीचा माल खपवतो, कुणी कृषी सेवा केंद्र टाकतो. सातबाऱ्यावर परत येणारा विरळाच.

पुढारी म्हणतात, पोरांना मातीची लाज वाटते. आम्ही म्हणतो, पोरांना हिशेब येतो! चार वर्षे शेतीशास्त्र शिकलेला मुलगा बापाच्या कापसाचा खर्च आणि पट्टी एका संध्याकाळी मांडून बघतो, आणि सकाळी शहराची एसटी धरतो. त्याचे काय चुकले? शेती तोट्यात ठेवायची आणि शिकलेल्याने ती करावी म्हणायचे, हा कुठला न्याय?

शिकलेली माणसे शेताबाहेर राहिली की काय होते तेही आपण पाहिले. औषध विकण्याच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे. फवारणाऱ्याला मात्र कुणी काही शिकवत नाही. 2017 साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले. विद्या दुकानापर्यंत आली, बांधापर्यंत आली नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही एक ठराव मांडत आहोत. शेवटच्या वर्षाची मुले ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात. माती परीक्षण, बीजप्रक्रिया दाखवतात, फोटो काढून जातात. त्यांना आपण चहा पाजतोच. आता आपली वहीही दाखवू. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी आणि शेवटी बाजारात हाती आलेला पैसा, सगळे त्यांच्या अहवालात उतरले पाहिजे. असे हजारो हिशेब विद्यापीठांत जमा झाले, तर शेतमालाच्या भावाचा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना टाळता येणार नाही.

लेकरांना शिकवा, मुलींनाही शिकवा. त्यांनी नोकरी धरली तर दोष देऊ नका. शेती परवडू लागली की त्यांना बोलवायला जावे लागणार नाही, ती आपल्या पायांनी बांधावर येतील. ते दिवस आणण्यासाठीच ही बैठक आहे.