खोली द्यायची, पण कुणाला?

‘वरच्या दोन खोल्या भाड्याने देणे आहेत’ अशी पाटी लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘आडनाव काय तुमचं?’ त्यातून जात कळली नाही, तर ‘मूळ गाव कोणतं?’ मग ‘नॉनव्हेज करता का?’ आणि बाई एकटी असेल तर ‘मिस्टर कुठे असतात?’ महिन्याच्या पाच तारखेला भाडं मिळेल का, हे मात्र विचारायचं राहूनच जातं!

तालुक्याच्या गावात भाडेकरूंचा कारभार बऱ्याच घरांत बाईच पाहते. खोली दाखवणं, पाणी सोडणं, विजेचं मीटर बघणं, सगळं तिच्याकडे. काही जणींचा तर घरखर्चच त्या भाड्यावर चालतो. त्यामुळे ती धास्तावते, यात तिचं काही चूक नाही. भाडं थकवलं तर? खोली सोडलीच नाही तर? भीती खरी आहे. पण त्यावर आपण काढलेला तोडगा, म्हणजे ‘आपल्यातलाच माणूस बघू’, हा मला अजिबात पटत नाही.

कारण ‘आपल्यातला’ म्हटलं की आपण चौकशीच करत नाही. मामेसासूंच्या ओळखीचा आहे, मग करार कशाला मागायचा? दोन-तीन महिने भाडं थकलं तरी तोंड उघडायची चोरी. आणि दुसरीकडे सरकारी दवाखान्यातली नर्स, बदलून आलेली शिक्षिका, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, स्वतःच्या पगारावर मुलं वाढवणारी बाई, या सगळ्या जणी आल्या पावली जिना उतरतात. दरमहा पगार असूनही यांना घर नाही, हा अन्याय तर आहेच. पण आपला व्यवहारही त्यात बुडतोच ना?

मग पारख करायची कशी? मैत्रिणींनो, खोली दाखवायच्या आधीच अटी एका कागदावर लिहून ठेवा. भाडं किती, अनामत किती, माणसं किती, पाण्याची वेळ, गाडी कुठे लावायची. येईल त्याला तोच कागद, तेच प्रश्न. एखादा प्रश्न विचारावा की नको अशी शंका आली, तर बघायचं, त्याच्या उत्तराचा भाड्याशी, घराच्या निगेशी किंवा शेजाऱ्यांच्या त्रासाशी संबंध आहे का? नसेल तर सोडून द्यायचा. नर्सबाई रात्रपाळीहून कधी येतात, याची चिंता करण्यापेक्षा त्यांना फाटकाची एक किल्ली द्यावी.

नोकरदाराकडे पगाराची पावती मागा, धंदा असेल तर बँकेचं पासबुक बघा. विद्यार्थी असेल तर कॉलेजचं ओळखपत्र आणि आईवडिलांशी फोनवर बोलणं पुरे. आधीच्या घरमालकिणीला फोन जरूर करा. शक्यतो सध्याच्या आणि त्याच्याही आधीच्या, अशा दोघींना. जिला भाडेकरू घालवायचाय ती त्याचं कौतुकच करणार! भाडं वेळेवर येत होतं का, खोली कशी सोडली, पुन्हा दिली असती का, एवढं विचारलं तरी माणूस कळतो. आधार कार्डाची प्रत घ्यायची तर शेवटचे चार आकडेच दिसणारी, ‘मास्क्ड’ म्हणतात ती मागा. तिची माहिती आपल्या हातात आहे, ती गल्लीभर फिरता कामा नये.

आता कागदपत्रांचं. ‘अकरा महिन्यांचा करार, त्याला नोंदणी लागत नाही’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय असा करार नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं तर ते आपण सिद्ध करायचं. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण आडनावं तपासतो, तिच्यावर खरा उतारा हा कागद आहे. नोंदणी आता ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यावी, आणि ती सगळ्यांचीच द्यावी, फक्त ‘परक्यांची’ नव्हे. पुढे पटलं नाही म्हणून पाणी-वीज तोडायची मात्र नाही. तोच कायदा त्याला मनाई करतो.

‘घर माझं, कुणाला द्यायचं ते मीच ठरवणार,’ असं काही जणी म्हणतील. जरूर ठरवा. कुणाला नाही म्हणायचं तर कारण सांगून म्हणा. ‘चौघांना या दोन खोल्या पुरणार नाहीत’ हे तोंडावर सांगता येतं. जे कारण तोंडावर सांगायची लाज वाटते, म्हणून ‘खोली कालच गेली हो’ अशी थाप मारावी लागते आणि पाटी मात्र दारावर तशीच लटकते, ते कारण आपलं आपल्यालाच पटलेलं नसतं.

शेवटी, आपल्याही लेकी शिकायला, नोकरीला पुण्या-नाशिकला जातात. तिथे त्यांना कुणी जात आणि लग्नाचं विचारलं की फोनवर आपणच चिडतो. मग पुढची पाटी लावाल, तेव्हा अटींचा कागद आधी लिहा, आणि जी आधी येईल, अटींत बसेल, तिला किल्ली द्या.