सात हजारांत झाड छाटून मिळतं, पण वर कोण चढतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण मे महिना सुरू आहे, प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर "पावसाळ्याआधी झाडं छाटून घ्या" हा मेसेज फिरतोय, म्हणून आत्ताच लिहितोय. जूनमध्ये लिहून उपयोग नाही.

मी झाडं छाटायचं काम करतो. चौदा वर्षं झाली. माझ्यासह सात माणसं, एक टेम्पो, तीन चेनसॉ, दोर आणि बेल्ट. एवढाच पसारा. लोक आम्हाला "झाडतोडे" म्हणतात, म्हणोत बापडे. माझी तक्रार नावाबद्दल नाही, रेटबद्दल आहे. आणि रेटबद्दल म्हणजे माझ्या नफ्याबद्दल नाही, हे शेवटपर्यंत वाचलंत तर पटेल.

गेल्या आठवड्यात एका सोसायटीत चार गुलमोहर आणि एक रेन ट्री बघून आलो. ४० फ्लॅट. दोन दिवसांचं काम. मी १८,००० सांगितले. चेअरमन साहेब हसले. म्हणाले, "अहो, दुसरा सात हजारांत करतोय, वर कचरापण उचलतोय." काम अर्थातच त्याला गेलं.

आता माझा हिशेब उघडा करतो. वर चढणारे दोघे, रोज १,२०० प्रत्येकी. खालचे तिघे, रोज ७०० प्रत्येकी. दिवसाचे ४,५००, दोन दिवसांचे ९,०००. टेम्पोच्या फेऱ्या ३,०००. पेट्रोल, ऑइल, चेनला धार, १,०००. दोर-बेल्टची झीज ८००. विम्याचा वाटा ७००. परवानगीच्या फेऱ्या, फोन, बाकी किरकोळ १,५००. झाले १६,०००. राहिले २,०००, त्यात मी आणि माझं घर.

म्हणजे माझी नुसती मजुरीच ९,००० आहे. सात हजारवाला जादूगार आहे का? नाही. तो काय करतो ते सांगतो. सकाळी मजूर नाक्यावरून तीन माणसं उचलतो. त्यातला एक "चढतो" म्हणाला की तो चढणारा. कमरेला नायलॉनचा दोर गुंडाळला की झाला बेल्ट. दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं. आणि लाकूड स्वतः घेऊन जायचं.

हे लाकडाचं नीट समजून घ्या. "लाकूड आमचं, मग रेट कमी" हा आमच्या धंद्यातला जुना सौदा आहे. ऐकायला बरा वाटतो. पण ज्याची कमाई लाकडात आहे तो बारीक, वाळकी, धोक्याची फांदी कशाला कापेल? तो जाड फांदी कापणार. तुम्ही बोट दाखवता खिडकीला लागलेल्या डहाळीकडे, तो बघतो मांडीएवढ्या खोडाकडे. म्हणून छाटणीनंतर झाड बोडकं दिसतं. मग त्या बोडक्या खोडावर झुपक्याने फुटवे येतात, ते नुसते सालीला धरून असतात, आणि कापलेल्या जागेतून आत कूज शिरते. दोन-तीन पावसाळ्यांनी तेच फुटवे जाड होऊन गाडीवर पडतात. मग पुन्हा ग्रुपवर मेसेज, "झाड धोकादायक आहे, तोडून टाका".

पण झाडाबद्दल बोलणारे आपल्या शहरात खूप आहेत, आणि ते असावेतच. झाडावर चढलेल्या माणसाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

आधी माझं पाप सांगतो, म्हणजे मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने बोलतोय असं वाटायला नको.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बंगल्यात सोनमोहर होता. संध्याकाळ झाली होती, दोन फांद्या राहिल्या होत्या. पोरगा जेवायला म्हणून खाली उतरला होता, बेल्ट टेम्पोत ठेवला होता. मी म्हटलं, "दोनच राहिल्यात, पटकन उरक." तो तसाच चढला. वीस फुटांवरून खाली आला. खांदा आणि मनगट गेलं. दवाखान्याचा खर्च मी केला, चार महिने घरी पैसे पाठवले. आज तो गावी असतो, शेळ्या राखतो. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. तेव्हा माझ्याकडे विमा नव्हता. त्याचा बाप मला म्हणाला, "शेठ, तुम्ही लई केलं." त्या वाक्याने आजही झोप उडते, कारण मी काय केलं होतं ते मला माहीत आहे. "पटकन उरक" हे शब्द माझे होते.

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला, जमिनीवरून पाय सुटला की बेल्ट. आणि कापताना दोन बांधण्या, कारण मशीन फांदीबरोबर आपलाच दोरही कापू शकते. दुसरा, चढणारा "नको" म्हणाला की काम बंद. कारण विचारायचं नाही, हजेरी कापायची नाही.

दुसरा नियम पाळणं पहिल्यापेक्षा अवघड आहे. गेल्या जूनमध्ये एका ठिकाणी गेलो, सकाळी पाऊस पडून गेला होता, वारा सुटला होता. आमच्यातला जुना गडी वर बघून म्हणाला, "शेठ, आज नको. साल निसरडी झालीये." मी परत फिरलो. सोसायटीवाले चिडले, काम गेलं, सहा माणसांची हजेरी खिशातून दिली. त्याच संध्याकाळी दुसऱ्या टोळीने ते झाड छाटलं. काही झालं नाही. कोणी पडलं नाही.

रोज काही होत नाही, म्हणूनच तर हे सगळं चालतं.

आता माझ्या धंदेवाल्या भावांना चार शब्द. राग येईल, येऊ द्या.

आपण पोरांना उचल देतो. शाळा सुरू होताना दहा हजार, दिवाळीला वीस हजार. वर म्हणतो, "मी माणसांना सांभाळतो." खरं सांगा, उचल कशासाठी देतो? पोरगा शिकला की शेजारचा शंभर रुपये जास्त देऊन पळवतो, म्हणून. उचल फिटेपर्यंत तो जात नाही. पण ज्याच्या डोक्यावर तुमचे वीस हजार आहेत तो तुम्हाला "आज नको" कसं म्हणणार? तारेजवळची फांदी असो, आग्या मोहोळ असो, ओलं झाड असो, तो चढणार. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत, एवढंच समाधान. मीही उचल देतो, नाही म्हणत नाही. पण एका महिन्याच्या मजुरीच्या वर देत नाही, आणि ती लिहून ठेवतो, दोघांच्या सहीने. पोरगा सोडून गेला तर गेला. गेल्या चौदा वर्षांत दोन जण पैसे बुडवून गेले. दोघांच्या उचलीत मिळून जेवढे गेले, त्यापेक्षा जास्त मी एका पडलेल्या पोरावर खर्च केलेत.

दुसरं. पोरं का पळतात? एप्रिल-मेमध्ये आपण त्यांना रविवारीही सुट्टी देत नाही, आणि ऑगस्टमध्ये "काम नाही, गावी जा" म्हणतो. मग कोण टिकेल? माझ्या चारही जुन्या माणसांना मी पावसाळ्यात निम्मी हजेरी देतो, काम असो नसो. दोर तपासायचे, मशीन खोलायची, नवीन पोरांना गाठी शिकवायच्या. जमतं का? ओढाताण होते. पण दरवर्षी नवीन माणूस शिकवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तिसरं, कागद. ईएसआयसी साधारणपणे दहा माणसं झाली की लागू होतं. मालकाचा हिस्सा पगाराच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. आपण बहुतेक पाच-सात माणसांवाले, म्हणजे त्यातून बाहेर. काहीजण मुद्दाम नऊवर थांबतात, तेही मला माहीत आहे. पण ईएसआयसी लागू नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं नाही. कामावर माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून आहे. त्या कायद्याच्या सूत्राने ३० वर्षांच्या, महिना १५,००० मिळवणाऱ्या माणसाच्या मृत्यूची भरपाई साडेपंधरा लाखांच्या घरात जाते. आपल्यापैकी कोणाच्या गल्ल्यात आहेत साडेपंधरा लाख? म्हणून डब्ल्यूसी पॉलिसी काढा. ती काढताना एजंटला "बागकाम" सांगू नका, "उंचीवर चढून झाडाची छाटणी" असंच लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर होतील. आणि निदान प्रत्येक पोराच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. २० रुपयांचा चहा आपण रोज पाजतो.

आता महापालिका. झाडाची फांदी तोडायलाही परवानगी लागते, १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. उत्तम आहे. परवानगीपत्रावर झाडाची जात असते, संख्या असते, किती छाटायचं ते असतं. चौदा वर्षांत माझ्या हातात आलेल्या एकाही पत्रावर "वर चढणाऱ्याचा विमा आहे का" ही ओळ नव्हती. झाडाची जेवढी चौकशी होते त्याच्या निम्मीसुद्धा माणसाची होत नाही. एक ओळ वाढवायला ना नवीन कायदा लागतो, ना बजेट. परवानगी देताना पॉलिसीची प्रत मागा, झालं. आणि मोठी कामं काढताना सगळ्यात कमी रेटवाल्यालाच काम द्यायचं असेल, तर आधी बेल्ट, दोर, विमा असलेल्यांचेच रेट उघडा.

कोणी म्हणेल, "अशाने नाक्यावरच्या गरिबाचं काम जाईल." उलट आहे. नाक्यावरचा माणूस माझा शत्रू नाही, माझे दोन सगळ्यात चांगले चढणारे नाक्यावरूनच आलेत. लहानपणापासून झाडावर चढलेली पोरं आहेत ती. कमी त्यांच्यात नाही. त्यांना दोर न देता वर पाठवणाऱ्यात आहे.

कोणी म्हणेल, "छोट्या सोसायटीला परवडत नाही." करू हिशेब. १८,००० भागिले ४० फ्लॅट म्हणजे ४५०. सात हजारांना १७५. फरक घरटी २७५ रुपये, तोही दोन-तीन वर्षांतून एकदा. दोन माणसांची मिसळ आणि चहा.

आता सोसायटीच्या कमिटीवाल्यांना, बंगलेवाल्यांना विनंती. छाटणीला कोणीही येवो, मी नसलो तरी चालेल, पण हे पाच प्रश्न विचारा:

१. परवानगीपत्र कुठे आहे? पत्र नसेल तर काम नाही.

२. पॉलिसी दाखवा. तारीख चालू आहे का, आणि आज आलेली माणसं त्यात धरलीत का?

३. वर कोण चढणार आणि त्याचा दोर खाली कोण धरणार? दोघांची नावं सांगता आली पाहिजेत.

४. लाकूड कोणाचं? लाकडाचे पैसे वेगळे, छाटणीचे वेगळे. एकत्र सौदा करू नका.

५. तारेजवळ काम असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतली का?

आणि एक शब्द तुमच्याकडूनही द्या, "पाऊस-वारा असेल तर तारीख पुढे ढकलू, कटकट करणार नाही." हा शब्द फुकट आहे. आम्हाला तोच सगळ्यात कमी वेळा मिळतो.

खाली खुर्ची टाकून "ती पण घे, ती पण घे" म्हणणाऱ्या काकांनाही सांगायचंय. काका, तुम्ही वर बघून बोट दाखवता तेव्हा तो खाली बघतो. चढणाऱ्याने खाली बघायचं नसतं. सूचना मला द्या, मी त्याला सांगतो.

माझा रेट जास्त वाटत असेल तर मला काम देऊ नका, राग नाही. पण सात हजारवाल्याला हे पाच प्रश्न विचारा. उत्तरं नीट मिळाली आणि तरीही तो सात हजारांत करत असेल, तर त्याचा नंबर मला पाठवा. मी स्वतः त्याच्याकडे शिकायला जाईन.

पटलं तर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण पहिल्या पावसाच्या आत.